मोरदऱ्यातला हंसराज

सुगनकंवरबाई यांचे यंदाच्या भाद्रपदात, संवत्सरीनंतर काही दिवसांनी, अंबड येथे राहत्या घरी निधन झाले. त्यांचे वय बावन्न होते. त्यांच्यामागे पती धनराजजी आणि मंठ्याला दिलेली एक मुलगी आहे. ही बातमी अंबडच्या वार्ताहराने सकाळच्या बसने औरंगाबादला पाठवली आणि कंडक्टरने पाकीट आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आणून दिले. मजकुरात ‘धर्मपरायण’ आणि ‘सुप्रसिद्ध घराण्यातील’ अशी दोन विशेषणे होती. जागा कमी होती म्हणून मी दोन्ही काढली आणि बातमी आतल्या पानावर लावली. छापून आलेल्या ओळींत चूक काही नव्हती. त्यांत एवढेच आले नव्हते की, या बाईंना माझ्या माहितीप्रमाणे सारी हयात एकच गोष्ट हवी होती. मोरदऱ्यातला हंसराज त्यांना पावसाळ्यात, हिरवा असताना, पुन्हा एकदा पाहायचा होता. मोरदरा अंबडपासून बैलगाडीने तासाभराच्या आत येतो… आणि ती जमीन त्यांच्याच घरची होती.

मोरदरा म्हणजे जालन्याच्या रस्त्यापासून थोडी आत, टेकडीच्या पोटात शिरलेली अरुंद घळ. वर सगळे उघडे माळरान, कुसळी गवत आणि पळस. पण घळीत उतरले की हवा बदलते. दोन्ही बाजूंना करंज, उंबर आणि जांभूळ, त्यांच्याखाली सीताफळीची दाटी. तळाशी काळ्या खडकातून पाणी झिरपते आणि दगडी कुंडात साठते. उत्तरेकडे तोंड केलेला एक मातीचा उतार आहे, त्यावर दुपारी सुद्धा ऊन येत नाही. हंसराज उगवतो तो याच उतारावर. त्याला फूल नाही, फळ नाही. काळाभोर, केसासारखा बारीक आणि चकचकीत देठ, त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या चंद्राच्या आकाराची पातळ पाने. पानांची ही लडी लांबत लांबत वाकते, तिचे टोक जमिनीला टेकते, टेकते तिथे मूळ धरते आणि तिथून नवा हंसराज सुरू होतो. अशा रीतीने तो वरच्या करंजापासून खाली पाण्यापर्यंत उतरलेला होता. पण त्याचे सगळे आयुष्य पावसाळ्यापुरते. मृगाच्या पावसानंतर उगवतो, श्रावण-भाद्रपदात उतार झाकून टाकतो, पाऊस गेला की पिवळा पडतो, आणि थंडी सुरू होता होता त्याच्या नुसत्या काळ्या तारा उरतात. उन्हाळ्यात तिथे काही आहे असे कुणालाही वाटणार नाही. मूळ मातीखाली झोपलेले असते.

सुगनबाईंची अडचण नेमकी इथे होती. धनराजजींचे घराणे मारवाडातून येऊन अंबडला स्थायिक झालेले, कापसाची आडत करणारे. घर जैन. पिण्याचे पाणी फडक्याने गाळायचे आणि गाळण्यात राहिलेले पाणी ज्या विहिरीतून आणले त्याच विहिरीत, उंचावरून न ओतता, दोरीने अलगद सोडायचे, म्हणजे त्यातले सूक्ष्म जीव आपल्या ठिकाणी परत जातात, ही तिथली रीत. सुगनबाई ती रोज पाळत. त्याखेरीज त्यांनी एक नियम घेतलेला होता. पहिला पाऊस पडल्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हिरवळीवर आणि शेवाळावर पाय ठेवायचा नाही. हा नियम जन्मभराचा होता. पावसाळ्यात मोरदऱ्यात हिरवे नसलेली वीतभर जागा सापडत नाही. म्हणजे हंसराज असेल तेव्हा सुगनबाई जाऊ शकत नव्हत्या, आणि त्या जाऊ शकत तेव्हा हंसराज नसे. नियम कसा घेतला, असे मी एकदा विचारले होते. त्या हसल्या. “साध्वीजी आल्त्या. सासूबाईंनी हात जोडले, मी बी जोडले. पंधरा वर्षांची व्हते. जन्मभर म्हंजे किती लांब, तेव्हा काय कळत व्हतं?” मग लगेच म्हणाल्या, “पण घेतला तो घेतला. त्यात बदल न्हाई.”

आमचे घर त्यांच्या घराला लागून होते. मी त्यांना काकीजी म्हणत असे. पण त्यांच्याशी खरे बोलणे सुरू झाले ते १९४८च्या सप्टेंबरात. हैदराबाद संस्थानात फौजा शिरल्याच्या बातम्या येत होत्या, गावात काय होईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. गल्लीतली बायकामुले मोरदऱ्यात जाऊन राहिली. त्यांत मारवाडी होते, मराठे होते, मुसलमानही होते. माझ्या आईला घेऊन मीही गेलो. सुगनबाई आल्या नाहीत. धनराजजींनी समजावले, रागावले, शेवटी दाराला आतून अडसर लावून बायकोजवळ बसून राहिले. आम्ही दोन दिवसांनी परत आलो तेव्हा त्या ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी आमची खुशाली विचारली नाही.

“आल्ता का?” त्या म्हणाल्या.

“कोण?” मी विचारले.

“हंसराज. तिकडंच व्हता न्हाई का तुम्ही? दिसला असंल की.”

आई भडकली. “अगं बाई, आम्ही जीव मुठीत धरून बसलो व्हतो, आन तू झाडपाल्याचं विचारून राह्यली?”

“जीव तर आला ना वापस?” सुगनबाई म्हणाल्या. “मंग सांगू दे की पोराला.”

मी सांगितले. उतार झाकला होता, पाण्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही. नंतर त्यांनी स्वतःहून जे सांगितले ते मी पुढे कितीदा तरी ऐकले, आणि त्यात कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. लग्न होऊन त्या तेराव्या वर्षी मारवाडातून आल्या. जालना स्टेशनवरून अंबडपर्यंत बैलगाडी. पाऊस नुकताच पडून गेला होता. “घूंघट इतका खाली, की आपल्याच पायाचे अंगठे दिसायचे, बस. गावं कसली अन् डोंगर कसले! बैलांना पाणी पाजायला गाडी दऱ्यात थांबली. सासूबाई म्हणल्या, उतर, हातपाय धू. उतरले… तर पायापाशी हे. आमच्या मुलखात वाळू, खेजडी, बोराटी. मला वाटलं, या मुलखात जमिनीला बी केस असतात.” घूंघटामुळे सासरच्या वाटेवर त्यांना दिसलेली ती एकच गोष्ट. दोन वर्षांनी नियम झाला. त्यानंतर हंसराज त्यांनी कुंडाशी वाहून आलेल्या काळ्या तारांच्या रूपातच पाहिला, कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर, घरच्यांबरोबर दरीत जेवायला गेल्यावर.

तेव्हापासून दर पावसाळ्यात एकदा मोरदऱ्यात जाऊन यायचे आणि त्यांना सांगायचे, हे माझ्याकडे आले. मी त्या सुमारास वर्तमानपत्राला अंबडच्या बातम्या पाठवू लागलो होतो. अदालतीतले निकाल, कुंभार पिंपळगावच्या बाजारातले भाव, तहसीलदारांचे दौरे. सुगनबाई मला ‘अखबारवाले’ म्हणत. मी परत आलो की त्या धान्य निवडत असत ते ताट बाजूला सारत, आणि चौकशी सुरू होई. कुठून कुठपर्यंत आला, यंदा लडी केवढी, टोके टेकली का, रंग कसा. रंगावर गाडे अडायचे.

“कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखा?”

“त्याहून फिका, काकीजी.”

“मंग हिरव्या मुगासारखा.”

“त्यापेक्षा उजळ.”

“ह्याच्यासारखा न्हाई, त्याच्यासारखा बी न्हाई. बिलकुल कामाचे न्हाई तुम्ही! अखबारात बी असंच लिहिता का?”

एका वर्षी मी जालन्याच्या फोटोवाल्याला घेऊन गेलो. तो चिखलात दोनदा घसरला, पण फोटो चांगला आला. सुगनबाईंनी तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. “हा तर वाळलेलाच दिसून राह्यला.” मी म्हणालो, फोटोत रंग येत नाही, काळेपांढरेच येते. “मला काळा बघायला फोटो कशाला पायजे? काळा मी दर साली बघते.” दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, मुळासकट मातीचा गड्डा काढून कुंडीत लावून आणतो, अंगणात ठेवा. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “म्हंजे मी जाऊन त्याच्यावर पाय देऊ नये, अन् तुम्ही त्याला उपटून माझ्या घरी आणावं. ही कुठली रीत?” मग बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, “राहू द्या त्याच्या घरी. दिसंल कधी तरी.”

धनराजजी, ज्यांना सगळे अंबड शेठजी म्हणते, यांनी कोणताही नियम घेतलेला नव्हता. पावसाळ्यात ते चपला घालून शेतात, माळावर, कापसाच्या रानात बिनदिक्कत फिरत. बायकोच्या नियमाची ते चेष्टा करत. “देख लेना, एक दिन तुम्हारी काकीजी जमीन छोड के हवा में चलेगी.” पण हंसराजाची चौकशी सुरू झाली की ते वहीतून डोके वर काढत आणि ऐकत, हे मी पाहिलेले आहे. १९५५च्या उन्हाळ्यात त्यांना एक युक्ती सुचली. नियम हिरव्यावर पाय ठेवण्याचा होता. दगडाचा नव्हता. रस्त्यापासून कुंडापर्यंत फरशी टाकली, तर त्या फरशीवरून चालत जाऊन हंसराज पाहता येईल आणि नियमालाही बाध येणार नाही. जालन्याच्या जैन स्थानकात साध्वींचा मुक्काम होता, तिथे जाऊन त्यांनी विचारून घेतले. झाडून, पाहून, शेवाळ नसलेल्या दगडावर चालायला हरकत नाही, असे उत्तर मिळाले. माझी आई सांगे की सुगनबाईंना हे कळले त्या दिवशी त्यांनी दोनदा मीठ घातलेली डाळ वाढली आणि शेठजींनी ती मुकाट्याने खाल्ली.

काम उस्मान मिस्त्रींनी केले. अंबडमधल्या निम्म्या विहिरींचे आणि ओट्यांचे बांधकाम त्यांच्या हातचे. वैशाखात शहाबादी फरशीच्या गाड्या मोरदऱ्याच्या तोंडाशी लागल्या. मी तेव्हा औरंगाबादला कचेरीत रुजू झालो होतो, त्यामुळे काम चालू असताना मी तिथे नव्हतो. शेठजी रोज जात होते. घळीत उतरायला दोन बाजू होत्या. एकीकडे खडक, दुसरीकडे मातीचा सोपा उतार. मिस्त्रींनी, कुणीही निवडली असती तशी, सोपी बाजू निवडली. माती तासून सपाट केली, मुरूम आणि चुना घातला, फरशी बसवली. वाट कुंडाच्या काठापर्यंत नेली. उतरताना बाईजींचा पाय घसरू नये म्हणून फरशीला टाकीने खरड मारली. फार नेटके काम होते.

श्रावणात शेठजींचे पत्र आले, या. मी गेलो. झिमझिम पाऊस येऊन नुकताच थांबला होता. गाडी रस्त्यावर सोडली. सुगनबाईंनी पांढरी ओढणी घेतली होती आणि हातात लोकरीची मऊ झाडणी होती. फरशीवर पोचताच त्या थांबल्या, पुढची फरशी झाडली, नीट पाहिली, मग पाऊल टाकले. अशा प्रत्येक फरशीला. शेठजी मागून म्हणत होते, “जल्दी नहीं है, आराम से.” त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. दोन्ही बाजूंना करंजाची पाने धुऊन निघालेली, खडकावर शेवाळाचा थर, सीताफळीच्या खाली रानहळद. सुगनबाई हे सगळे पाहत होत्या; पावसाळ्यात त्या इथे येत होत्या चौतीस वर्षांनी. एकदा त्या मोठ्याने हसल्यासुद्धा. कुंडापाशी पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “कुठं हाये?”

मी मघापासून शोधत होतो. हंसराज उतरताना उजव्या हाताच्या मातीवर असे. उजव्या हाताला माती नव्हती. मी वर पाहिले, खाली पाहिले. उतार ओळखण्यासाठी करंजाचे झाड होते, त्याच्या फांदीची ठेवण माझ्या लक्षात होती. करंजापासून कुंडापर्यंत फरशी होती.

“काकीजी,” मी म्हणालो, “तो याच जागेवर होता.”

“ह्याच म्हंजे?”

“फरशी आहे तिथं.”

त्यांनी पायाकडे पाहिले. शेठजी म्हणाले, “ऐसा कैसे? यहाँ तो कुछ नहीं था. मैं खुद खड़ा था. सूखी मिट्टी थी.” सुगनबाई ज्या फरशीवर होत्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. पुढे कुंड होते. बाजूला शेवाळ होते. मागे जायचे तर आलेल्याच वाटेने जायला हवे होते, आणि ती सगळी वाट हंसराजावरून आलेली होती. पुन्हा पाऊस सुरू झाला. शेठजींनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. “परत जायचं तरी ह्याच्यावरूनच…” एवढेच त्या म्हणाल्या. किती वेळ उभ्या होत्या ते मी सांगू शकत नाही. ओढणी पूर्ण भिजली होती. मग त्या आल्या त्याच वाटेने वर आल्या. या वेळी त्यांनी फरशी झाडली नाही.

दुसऱ्या दिवशी उस्मान मिस्त्री स्वतःच आले. ओसरीच्या खाली उभे राहिले. “बाईजी, मैंने सुना. अल्ला कसम, बैसाख में वहाँ कुछ नहीं था. थोड़े काले काले तार थे, बाल के माफिक. मैंने समझा कचरा है. झाड़ू मारके साफ किया.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. सुगनबाईंनी विचारले, “तुम्ही पावसात कधी गेल्ता का मिस्त्री तिकडं?” मिस्त्री म्हणाले, कभी नहीं. “अन् तुम्ही?” हा प्रश्न शेठजींना होता. शेठजींनी मान हलवली. पावसाळ्यात दरीत बायको येत नाही म्हणून घरचे कुणीच जात नसत. ज्या घराने हंसराजासाठी फरशी टाकली, त्या घरातल्या एकाही माणसाला तो कुठे उगवतो हे माहीत नव्हते, कारण त्या घरात नियम नीट पाळला जात होता.

फरशी ताबडतोब काढा, असे शेठजी म्हणाले. सुगनबाईंनी नको म्हटले. चौमाशात जमीन खणायची नाही, हाही नियम होता. फरशी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथेच राहिली आणि हंसराजाचा एक पावसाळा तिच्याखाली गेला. त्या वर्षी संवत्सरीला, जेव्हा जैन माणूस सगळ्या जीवांची क्षमा मागतो, सुगनबाई उस्मान मिस्त्रींच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मिस्त्री म्हणाले, “ये क्या कर रहे बाईजी? माफी तो मैं माँगूँ.” “तुम्ही बी मागा,” त्या म्हणाल्या, “पण मला न्हाई. तिकडं.” मिस्त्रींची बायको आत हसली, मग त्याही हसल्या. मार्गशीर्षात मिस्त्रींनी फरशी काढली. पहार लावली नाही. चुना हाताने फोडला, दगड एकेक उचलला. काढलेली फरशी मोहल्ल्यातल्या विहिरीच्या ओट्याला लागली.

पुढच्या पावसाळ्यात उतारावर काही आले नाही. तरोटा आणि आघाडा आला. मी तसे सांगितले. सुगनबाई म्हणाल्या, “ठीक.” त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी जाण्याआधी शेठजींनी मला आडतीत बोलावले, दार लोटले आणि म्हणाले, “इस बार बोल दो ना, आ गया करके. तुम्हारा क्या जाता है? उसको कौन देखने जाना है?” मी म्हणालो, असेल तर सांगेन. ते चिडले. “अखबार में तो दिनभर झूठ छापते!” मी मोरदऱ्यात जाऊन आलो, आणि करंजाच्या मुळांच्या बेचक्यात, जिथे मिस्त्रींची कुदळ पोचली नव्हती, तिथे मला हंसराजाच्या चार-दोन लड्या दिसल्या होत्या. त्या मी सांगितल्या. पण माझ्याआधीच शेठजी बोलून बसले होते की पूर्ण उतार भरला आहे. सुगनबाईंनी त्यांचे ऐकून घेतले होते. “तुम्ही त्याला उन्हाळ्यात शोधणारे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्हाला एवढा कुठून दिसला?” शेठजी पाणी प्यायला उठले. मग त्या माझ्याकडे वळल्या. “चार लड्या का?” हो, मी म्हणालो. “टोकं कुठल्या बाजूला वाकून राह्यलीत?” खाली, मी म्हणालो. पाण्याकडे. “मंग येईल,” त्या म्हणाल्या. “बराबर येईल. चालत येणाराला वेळ लागतो.”

त्यानंतर त्यांनी स्वतः पाहण्याची गोष्ट काढली नाही. पण ती गेली नव्हती. एकदा एका इंग्रजी साप्ताहिकात कुठल्याशा परदेशी बागेचा रंगीत फोटो आला होता तो मी दाखवला, तेव्हा म्हणाल्या, “अखबारात रंग आला म्हंजे? आता मोरदऱ्याचा बी येईल.” मी म्हणालो, तसला कॅमेरा आमच्याकडे नाही. “घ्या मंग. माझं वय थांबून राह्यलं का?” गेल्या वर्षी हंसराज करंजापासून काही हात खाली उतरलेला मी पाहिला. त्या वेळी त्या आजारी होत्या, पायांना सूज होती. शेठजींनी पुन्हा एक मार्ग सुचवला. आजारपणाला नियमात सवलत असते. खुर्चीला बांबू बांधू, चार माणसे उचलून नेतील, पाय जमिनीला लागायचाच नाही. सुगनबाईंनी अंथरुणातूनच विचारले, “अन् त्या चौघांचे आठ पाय?” शेठजी म्हणाले, उनका नियम थोड़ी है. “नियम त्यांचा नसंल. जाणं तर माझं हाये ना.” तो विषय तिथे संपला.

यंदा मी आषाढाच्या अखेरीस अंबडला गेलो. मराठी राज्य नुकतेच झाले होते, कचेरीत कामाला उसंत नव्हती, एक दिवसाची सवड काढून गेलो होतो. ओढ्याला पूर आल्यामुळे मोरदऱ्याकडे जाता आले नाही. सुगनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज खाली गेला होता. मी ओढ्याचे सांगितले. “मंग पुढल्या खेपेला,” त्या म्हणाल्या. मुलीने मंठ्याहून आणलेल्या शेवया त्यांनी मला बांधून दिल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आश्विनात मी शेठजींना भेटायला गेलो. ते ओसरीवर बसले होते. गल्लीतली माणसे येऊन गेली होती. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले; कापूस यंदा बरा आहे, जावई चांगला आहे. मग ते उठले आणि म्हणाले, “चलो.” कुठे, ते मी विचारले नाही. बैलगाडी जुंपली होती. रस्त्यात ते एकदाच बोलले. उस्मान मिस्त्री अंत्ययात्रेला शेवटपर्यंत चालत आले, असे त्यांनी सांगितले.

मोरदऱ्याच्या तोंडाशी गाडी थांबली. चाकोरीची लाल माती जिथे संपते आणि गवत सुरू होते, तिथे शेठजींनी चपला काढल्या. मला वाटले, ते पुढे येतील. ते तिथेच मातीवर उभे राहिले. पुढे एक पाऊलसुद्धा त्यांनी टाकले नाही. “तुम जाके आओ,” ते म्हणाले. “मैं यहीं हूँ.”

मी उतरलो. पाऊस लांबल्यामुळे घळीत अजून ओल होती. हंसराज करंजाच्या मुळापासून निघून उताराच्या निम्म्यापेक्षा खाली आलेला होता. पाण्यापर्यंत तो पोचलेला नव्हता. मधला भाग शेवाळाचा होता. लडींची टोके त्या शेवाळात टेकलेली होती, आणि हात लावून न पाहता मला जेवढे दिसले त्यावरून, त्यांतल्या काहींनी मूळ धरले होते. मी वर आलो आणि शेठजींना हे सगळे सांगितले. कुठून कुठपर्यंत, केवढी लडी, टोके कुठे. रंगही सांगितला. त्यांनी चिंचेचा पाला किंवा मूग काही विचारले नाही. मान खाली घालून ऐकत राहिले. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, “पत्थर बैठे थे, उसका निशान दिखता क्या?”

मी पुन्हा खाली गेलो आणि करंजापासून कुंडापर्यंत पाहून आलो. तशी खूण कुठे दिसली नाही. तसे मी त्यांना सांगितले.